प्रूफ माझ्याकडे येणार, म्हणून नाव घालू का?

पत्राचा सारांश: कोल्हापुरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. रसायनशास्त्रात पीएच.डी., सेट उत्तीर्ण. काही वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवलं, पण मानधन कधी वेळेवर हातात पडलं नाही. म्हणून ते सोडून त्या एका कंपनीत प्रॉडक्शन एडिटर म्हणून लागल्या. ही कंपनी परदेशी प्रकाशकांच्या संशोधन-नियतकालिकांचं काम करते आणि ताई राजारामपुरीतल्या घरूनच ते सांभाळतात. पीएच.डी.च्या काळात ज्यांनी त्यांना खूप मदत केली, त्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांचा लेख नेमका ताईंकडच्या नियतकालिकात स्वीकारला गेला. प्रॉडक्शनकडून लेखकांना जो पहिला ईमेल जातो, त्यावर ताईंचं नाव बघून सरांनी फोन केला. लेखावर दोन नावं आहेत: पहिलं सरांचं, दुसरं, प्रयोग करणाऱ्या त्यांच्या संशोधक विद्यार्थिनीचं. सरांना मध्ये प्राचार्यांचं नाव हवं आहे. "आता एडिटरला कुठं विचारत बसायचं? प्रूफ तुझ्याकडंच येणार की. तेवढं घालून टाक." जूनमध्ये कॉलेजात एक जागा निघणार आहे, हेही सरांनी बोलता बोलता सांगितलं. ताई लिहितात, "मी काही संपादक नाही, मी फक्त प्रॉडक्शनला आहे. सरांना नाही म्हणणारी मी कोण? आबांचं आयुष्य उद्यमनगरच्या फाउंड्रीत गेलं. ते रोज म्हणतात, स्पेलिंगं बघत बसायला डॉक्टर झालीस व्हय? सरांचं ऐकलं तर कॉलेजात परत जायची वाट तरी उघडेल. काय करू?"

प्रिय ताई,

प्रूफ निघायला फार दिवस उरलेले नसतील, म्हणून उत्तर आधी देते. नाव घालू नका. सरांशी या विषयावर फोनवर आणखी बोलणंही टाळा. आणि हे वाचून झालं की तुमच्या वरिष्ठांना एक छोटा ईमेल लिहा. त्यात काय असावं ते पुढे सांगते.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले: "मी फक्त प्रॉडक्शनला आहे." हे म्हणताना तुम्ही दोन उलट्या गोष्टी एकदम धरून चालला आहात. सरांना नाही म्हणण्याइतका अधिकार आपल्याला नाही, असं तुम्हाला वाटतं. आणि संपादकांना न विचारता लेखकांच्या यादीत एक माणूस वाढवण्याइतका मात्र आहे, असंही वाटतं. हा दुसरा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही. पहिला मात्र तुमच्या रोजच्या कामातच आहे, आणि तुम्ही तो कदाचित आठवड्यातून अनेकदा वापरतही असाल.

तुम्हाला तुमचं काम समजावून सांगायला नको. पण लेख लिहिणाऱ्या कित्येक प्राध्यापकांनाही स्वीकृतीचा ईमेल आल्यानंतर लेखाचं पुढे काय होतं याची कल्पना नसते. तुमच्यासारख्या पेचात सापडणाऱ्या इतरांसाठी ते थोडं सांगते. लेख घ्यायचा की नाही हे परीक्षकांचे अभिप्राय वाचून संपादक ठरवतात. तिथून तो प्रॉडक्शन एडिटरकडे येतो. आकृत्या छपाईइतक्या स्पष्ट आहेत का, दुसऱ्याच्या लेखातून घेतलेल्या आकृतीची परवानगी जोडली आहे का, लेख छापायच्या परवान्याच्या फॉर्मवर लेखकांची सही आहे का, संशोधनाला निधी कुणी दिला ते लिहिलं आहे का, हे सगळं आधी तपासायचं. मग भाषा आणि संदर्भ बघायला कॉपी एडिटर, मग टाइपसेटिंग. मोठ्या प्रकाशकांचं हे काम आज बरंचसं चेन्नई, पुदुच्चेरी अशा शहरांतून होतं. लेखाची एक्सएमएल फाइल तयार होते, बहुतेक ठिकाणी 'जॅट्स' या मानकाप्रमाणे. शीर्षक कोणतं, लेखक कोण, कुणाची संस्था कुठली, हे तिच्यात यंत्राला ओळखता येईल अशा खुणा करून ठेवलेलं असतं. वाचक जी पीडीएफ उघडतो ती आणि वेबवरचं पान, दोन्ही त्यातूनच निघतात. मग लेखकांना शंका विचारायच्या, प्रूफ पाठवायचं, ठरलेल्या मुदतीत परत मागवायचं, आणि आलेल्या दुरुस्त्यांपैकी कोणत्या तिथल्या तिथे करायच्या व कोणत्या संपादकांकडे पाठवायच्या हे ठरवायचं.

हे शेवटचं ठरवणं, ताई, तुमच्या कामाचा गाभा आहे. पत्त्यातला पिनकोड चुकला, नावातलं एक अक्षर राहिलं, तक्त्यातला रकाना सरकला, तर ते तुम्ही करता. शीर्षक बदलायचं आहे, निष्कर्षातला आकडा बदलायचा आहे, लेखक वाढवायचा किंवा गाळायचा आहे, तर ते तुमच्या टेबलावर थांबतं आणि संपादकांकडे जातं. प्रकाशन-नीतीसाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'कोप' या संस्थेनं नेमक्या याच प्रसंगासाठी पायऱ्या आखून दिल्या आहेत. प्रसिद्धीआधी लेखक वाढवायची मागणी आली तर कारण विचारा. सर्व लेखकांची संमती आहे का ते तपासा. असेल तर नोंद दुरुस्त करा. नसेल तर सगळ्यांचं एकमत होईपर्यंत लेख थांबवा, आणि गरज पडली तर त्यांच्या संस्थेला विचारा. म्हणजे सरांसारखी मागणी जगभरातून इतक्या वेळा येते की तिच्यासाठी वाट आधीच घालून ठेवलेली आहे. तुम्हाला नवा शहाणपणा शोधायचा नाही. त्या वाटेवर मागणी नेऊन सोडायची, एवढंच.

समजा, नाव घातलं. सरांना वाटतं तसं ते 'प्रूफमध्येच मिटतं' का? स्वीकारलेल्या प्रतीवर दोन नावं, परवान्याच्या फॉर्मवर दोन नावं, संपादकांच्या निर्णयपत्रातही दोनच. तुमच्या फाइलमध्ये तीन. बहुतेक प्रणालींमध्ये कुठला बदल कुणाच्या लॉगिनवरून आणि किती वाजता झाला हे नोंदलेलं असतं. तरीही निसटलं असं धरू. लेखाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळख-क्रमांक, क्रॉसरेफ या नोंदणी-संस्थेकडे नोंदवला जातो, त्याबरोबर लेखकांची नावंही जातात, तिथून ती निरनिराळ्या शोधसूचींमध्ये पसरतात. पुढे एका लेखकानं जरी हरकत घेतली, तरी तो लेख गुपचूप पहिल्यासारखा करता येत नाही. दुरुस्तीची वेगळी सूचना काढावी लागते, तिला तिचा स्वतःचा डीओआय मिळतो, आणि ती मूळ लेखाला कायमची जोडलेली राहते. चौकशीत पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, सरांना नाही. सरांनी तर फोनच केला होता, लेखी काही नाही.

पण हे सगळं बाजूला ठेवलं तरी माझं उत्तर बदलत नाही. त्याचं कारण ती विद्यार्थिनी. तुमच्या पूर्ण पत्रात ती एका ओळीत येते आणि जाते. प्रयोग तिनं केलेत हे तुम्हीच लिहिलंय. तुम्ही हा पेच तुमच्यात आणि सरांमध्ये मांडला आहे: उपकार एका बाजूला, नोकरी दुसऱ्या बाजूला. मला तो तसा दिसत नाही. दोन नावांत तिसरं घातल्यानं तिच्या हातून नेमकं काय जातं ते बघा. प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठीच्या युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत विज्ञानातल्या एका लेखाला मूळ ८ गुण आहेत, इम्पॅक्ट फॅक्टरचे, म्हणजे नियतकालिकातले लेख सरासरी किती उद्धृत होतात त्या आकड्याचे, वाढीव गुण वेगळे. दोनच लेखक असतील तर दोघांनाही ७० टक्के, म्हणजे प्रत्येकी ५.६. तिसरा लेखक आला की मुख्य लेखकाचे ७० टक्के तसेच राहतात, बाकीच्यांना ३० टक्के, म्हणजे २.४. सरांचं काहीच कमी होत नाही. प्राचार्यांना २.४ मिळतात. कमी होतं ते फक्त तिचं, निम्म्याहूनही जास्त. उद्या ती प्राध्यापकीत आली तर हाच हिशोब तिच्या बढतीच्या फाइलमध्ये असेल. आणि तिला कुणी विचारलेलंही नाही. काही वर्षांपूर्वी तुम्ही तिच्याच जागी होता. तुमच्या लेखावर असं नाव चढलं असतं आणि ते चढवणारी व्यक्ती म्हणाली असती, "मी फक्त प्रॉडक्शनला आहे," तर तुम्हाला ते पटलं असतं का?

सरांबद्दल मी कठोर व्हायला तयार नाही. त्यांनी तुम्हाला मदत केली ती खरी आहे, तिचं ऋण तुम्हाला वाटतं हे चांगलंच आहे. आणि काय सांगावं, प्राचार्यांचा वाटा खराही असेल. नमुन्यांची रचना त्यांनी सुचवली असेल, विश्लेषण तपासलं असेल. तसं असेल तर लपवण्यासारखं काही नाहीच. सरांनी संपादकांना कारण लिहावं, तिघांनी संमती द्यावी, नाव लागेल. पण प्रयोगशाळा उपलब्ध करून दिली, उपकरण मंजूर केलं, रजा दिली, एवढाच वाटा असेल तर त्याची जागा आभारात आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखकत्वाच्या चार अटी सांगितल्या आहेत, आणि इतर शाखांतली अनेक नियतकालिकंही त्यांचा आधार घेतात. संशोधनात भरीव वाटा, लेखनात किंवा त्याच्या दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि छापलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घ्यायची तयारी. चारही हव्यात. चौथी अट आपल्याकडे कुणी वाचतच नाही. उद्या त्या लेखातल्या आलेखावर शंका आली तर उत्तर द्यायला प्राचार्य उभे राहतील का, हा प्रश्न सरांनी स्वतःला विचारायला हवा. तुम्ही त्यांना तो विचारायला जाऊ नका. संपादकांचं कार्यालय विचारेल.

आता वरिष्ठांचा ईमेल. त्यात भावना नको, तक्रारीचा सूर नको. इतकंच लिहा: "अमुक क्रमांकाच्या लेखाचे पहिले लेखक माझे माजी शिक्षक आहेत. त्यांनी मला फोन करून लेखकांच्या यादीत एक नाव वाढवायला सांगितलं. मी काहीही बदललेलं नाही. आमच्या ओळखीमुळे हा लेख दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावा, अशी विनंती." तुम्हाला वाटेल, फोनचा उल्लेख कशाला, नुसता लेख दुसऱ्याकडे दिला तरी सुटलं. मीही त्यावर विचार केला. उल्लेख गाळला तर उद्या सर हीच दुरुस्ती प्रूफवर पेनानं लिहून पाठवतील, आणि नव्या सहकाऱ्याला ती किरकोळ वाटू शकते. शिवाय हे पुढे निघालं तर "तुला माहीत होतं ना?" याला तुमच्याकडे उत्तर राहणार नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन सरांवर गैरवर्तनाची तक्रार करावी, असंही मी म्हणत नाही. आत्तापर्यंत एक फोन झाला आहे, कृती झालेली नाही. त्यांना सरळ मार्गानं यायची संधी आहे, ती असू द्या.

सरांना उत्तर द्यावंच लागेल, गप्प बसून चालणार नाही. फोनऐवजी लिहून द्या, कंपनीच्या ईमेलवरून, आणि आधी वरिष्ठांना विचारून. असं काहीतरी: "सर, सादर नमस्कार. लेखकांच्या नावांत बदल प्रॉडक्शनमध्ये करता येत नाही. आपण कारणासह संपादकीय कार्यालयाला लिहावं. तिथून सर्व लेखकांना संमतीसाठी ईमेल जाईल. आपली माझी जुनी ओळख असल्यामुळे मी हा लेख सहकाऱ्याकडे सोपवला आहे." यात खोटं काही नाही आणि उद्धट तर काहीच नाही. बहुतेक लोक 'सर्व लेखकांना ईमेल जाईल' इथपर्यंत वाचून विषय सोडून देतात.

सर रागावतील का? कदाचित रागावतील. ते तुम्हाला सोसावं लागेल आणि त्यावर मलम म्हणून माझ्याकडे काही नाही. कोल्हापूर एवढंसं, विद्यापीठात, लग्नकार्यात, भाजी घेताना गाठ पडणारच. त्या वेळी तुम्ही नेहमीसारखा वाकून नमस्कार करा. नियमाचं नाव पुढे करून तुम्ही त्यांचा अपमान केलेला नाही, हे तुमच्या वागण्यातून त्यांना दिसू द्या.

आबांच्या प्रश्नाकडे मला जरा जास्त थांबायचं आहे, कारण सरांचा फोन तुम्हाला इतका जड गेला त्यामागे तोही आहे. घरातच कामाची किंमत नसेल तर बाहेरच्या मोठ्या माणसापुढे पाय लटपटतातच. आबांना त्यांच्याच फाउंड्रीतलं विचारा. कास्टिंग ओतणारा वेगळा, मशिनिंग करणारा वेगळा. पण कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेलं छिद्र, दिसत असताना मालकाच्या ओळखीचा कुणी म्हणाला, "असू दे, डिस्पॅचवर सही कर," तर इन्स्पेक्शनच्या माणसानं काय करायचं? आबा क्षणभरही थांबणार नाहीत. "तुमची लेक तेच काम करते," असं मी सांगितलंय म्हणून त्यांना सांगा.

आणि ही नुसती स्पेलिंगं नव्हेत. फाइल एका फॉन्टमधून दुसऱ्यात जाताना ग्रीक म्यूच्या जागी इंग्रजी एम उमटतो, हे तुम्ही पाहिलं असेल. जुन्या सिम्बॉल फॉन्टमध्ये ती दोन्ही कीबोर्डच्या एकाच बटणावर बसतात. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात. औषधाची मात्रा असेल तर हजारपट फरक, आणि ओळ वाचायला मात्र अगदी बिनचूक. उणे चिन्ह गळून पडलं की तापमान शून्याच्या वर जातं. एक्सेलनं जनुकांच्या नावांच्या तारखा करून टाकल्या, सप्टेंबरची २ तारीख अशा, आणि त्या इतक्या लेखांत शिरल्या की २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीला काही जनुकांची नावंच बदलावी लागली. असं काही तक्त्यात दिसल्यावर थबकायला विषय कळावा लागतो. तुमची डॉक्टरेट रोज इथे कामी येते. संदर्भांची मांडणी, विरामचिन्हं हे सॉफ्टवेअर आता बरंच करतं. पण या आकड्याचं एकक इथे संभवतच नाही, हे ओळखून लेखकाला नेमका प्रश्न विचारणं अजून माणसाचंच काम आहे.

आपल्या भागातल्या नावांचं तर वेगळंच दुखणं. आपण शाळेच्या दाखल्याप्रमाणे आडनाव आधी लिहितो, परदेशी प्रणाली शेवटचा शब्द आडनाव समजते, आणि लेख वडिलांच्या नावावर नोंदला जातो. एस. एस. पाटील या एका नावाखाली किती जणांचं संशोधन एकमेकांत मिसळलं असेल, विचार करा. तुम्ही कोल्हापूरच्या असल्यामुळे ही चूक तुमच्या नजरेला चटकन पडते. लेख पाठवणाऱ्या सगळ्यांना माझं सांगणं आहे: ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख-क्रमांक, काढा, तो फुकट आहे, नाव एकाच पद्धतीनं लिहा, आणि प्रूफ आलं की सगळ्यात आधी स्वतःचं नाव आणि संस्था वाचा. लेखकांची नावं आणि क्रम लेख पाठवण्याआधी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. कुणी काय केलं हे सांगायला १४ भूमिकांची 'क्रेडिट' नावाची यादी अनेक नियतकालिकं वापरतात. ती समोर ठेवून बोललं तर प्राचार्यांचं नाव कुठे जावं हा वाद आधीच मिटतो. ज्या कॉलेजांची स्वतःची नियतकालिकं गावातल्याच छापखान्यात निघतात, तिथे तर हे फारच गरजेचं आहे. डीटीपी करणाऱ्या मुलाला थेट फोन जातो आणि तो बिचारा नाव घालून मोकळा होतो. संपादकांनी सही केलेली अंतिम यादी त्याच्याकडे असेल तर त्यालाही नाही म्हणता येईल.

राहिली जूनची जागा. शिकवणं तुम्हाला आवडतं हे पत्रात जाणवतं, आणि ते सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पण ही जागा कशी आहे ते बघा. पूर्णवेळ आहे की पुन्हा तासिका तत्त्वावरची? सरांनी ते सांगितलेलं नाही, तुम्हीही विचारलेलं दिसत नाही. तासिका तत्त्वावरची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. ती सरांच्या शब्दावर मिळाली तर दर वर्षी त्यांच्याच शब्दावर टिकेल, आणि दर वर्षी एखादा फोन येईल. जाहिरात निघाली तर इतरांसारखा अर्ज करा, मुलाखत द्या. तुमच्याकडे सेट आहे, पीएच.डी. आहे. आताच्या पगाराची आणि त्या मानधनाची बारा महिन्यांची बेरीज शेजारी शेजारी मांडून बघा, सुट्ट्यांचे महिने धरून. मनासारखी जागा नसेल तर कंपनीत पुढच्या पायरीची चौकशी करा. एक्सएमएलचं प्रशिक्षण, नियतकालिकाच्या व्यवस्थापनाची जबाबदारी, प्रकाशन-नीतीची प्रकरणं हाताळणारा विभाग, इथवर प्रॉडक्शनमधून जाता येतं.

आणि कॉलेजच्या अर्जात या नोकरीची वर्षं 'इतर अनुभव' म्हणून एका ओळीत उरकू नका. कोणत्या विषयांची नियतकालिकं सांभाळली, वर्षाला साधारण किती लेख हातून गेले, लेखकांशी आणि संपादकांशी कोणता व्यवहार केला, ते लिहा. संशोधक विद्यार्थ्यांना लेख कसा लिहावा, प्रूफ कसं तपासावं, बनावट नियतकालिक कसं ओळखावं हे शिकवू शकते, असंही लिहा. मुलाखतीत कुणी विचारलंच, की प्रॉडक्शन एडिटर म्हणजे नक्की काय करता, तर म्यू आणि एमची गोष्ट सांगा.